मानसिक आरोग्य केंद्रातल्या कर्मचाऱ्यांना जोखीम ओळखायला शिकवायचं, ते कसं?

सुरंगी

नमस्कार मंडळी. फोंडा तालुक्यातल्या एका खासगी मानसिक आरोग्य केंद्रात मी नर्सिंगचं काम बघते. आमच्याकडे सगळ्या कर्मचाऱ्यांसाठी दोन दिवसांचं 'रिस्क असेसमेंट'चं प्रशिक्षण ठरलंय आणि आराखडा करायचं काम माझ्याकडे आलंय. सगळे म्हणजे खरोखरच सगळे: सिस्टर, ब्रदर (पुरुष नर्स), अटेंडंट, काउन्सेलर, रिसेप्शन, रात्रीचा वॉचमन, गाडीवरचा ड्रायव्हर.

वरून जो नमुना आलाय त्यात पहिला दिवस फॉर्म कसा भरायचा यावर आहे. दुसऱ्या दिवशी कायदा, मग परीक्षा आणि प्रमाणपत्र. फॉर्मच्या शेवटी तीन चौकटी: आत्महत्येची जोखीम कमी, मध्यम, जास्त. एकीवर खूण करायची, सही करायची.

माझं म्हणणं आधीच मांडते. या तीन चौकटी प्रशिक्षणाच्या केंद्रस्थानी नकोत. २०१७ साली फ्रँकलिन आणि सहकाऱ्यांनी ५० वर्षांतल्या ३६५ अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला. कोण आत्महत्येचा प्रयत्न करेल हे ओळखायची आपली क्षमता नाणेफेकीपेक्षा फार वरची नाही, आणि ५० वर्षांत ती सुधारलेलीही नाही, असं त्यातून दिसलं. उपचारांच्या मार्गदर्शिका काढणाऱ्या ब्रिटनच्या 'नाइस' संस्थेने सप्टेंबर २०२२च्या मार्गदर्शिकेत तर स्पष्टच लिहिलंय की भाकीत करायला गुण देणाऱ्या मोजपट्ट्या वापरू नका, माणसाला कमी-मध्यम-जास्त अशा कप्प्यांत टाकू नका, आणि असल्या गुणांवरून कुणाला उपचार द्यायचे किंवा कुणाला घरी सोडायचं हे ठरवू नका. त्याऐवजी या माणसाची गरज काय आणि तो सुरक्षित कसा राहील याकडे बघा.

'कमी'वर खूण झाली की वॉर्डातलं लक्ष सैल होतं, हे मी वर्षानुवर्षं बघतेय. आत्महत्येने गेलेल्या अनेकांना शेवटच्या तपासणीत 'कमी जोखीम'च लिहिलेलं असतं. कारण साधं आहे. 'जास्त' म्हटलेले थोडे असतात, त्यातले बहुतेक जगतात. 'कमी' म्हटलेले पुष्कळ असतात, आणि त्या पुष्कळांतूनच बरेचसे मृत्यू होतात.

मग दोन दिवस शिकवायचं काय? माझ्या मनात काही आहे, पण आधी तुमचं ऐकायचंय. या क्षेत्रात काम करणारे, घरात रुग्ण असलेले, स्वतः वॉर्डात राहून आलेले, सगळ्यांनी लिहा.

---

शेवंती

सुरंगीताई, फार गरजेचा धागा. मी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहे, मडगाव भागात काम करते.

चौकटींऐवजी काय, याचं चांगलं उत्तर पिसानी, मरी आणि सिल्व्हरमन यांनी २०१६ साली मांडलंय. ते चार गोष्टी लिहायला सांगतात. आपल्याकडच्या इतर रुग्णांच्या तुलनेत हा माणूस कुठे आहे? स्वतःच्याच आधीच्या दिवसांच्या तुलनेत आज कुठे आहे? त्याच्याकडे आधार काय आहेत? आणि पुढे असं काय घडू शकतं, ज्याने चित्र झपाट्याने बदलेल?

या चौथ्या प्रश्नावर प्रशिक्षणातला अर्धा दिवस घालवा असं मी म्हणेन. गोव्यातलंच उदाहरण घ्या. चवथीच्या आधी डिस्चार्जची घाई असते. घरच्यांना वाटतं माणूस चवथीला घरी असावा, त्यालाही वाटतं. चुकीचं काही नाही त्यात. पण घर पाहुण्यांनी भरलेलं, जागरण, आरत्या, माटोळीची (गणपतीवर टांगायच्या फळा-पानांच्या सजावटीची) धावपळ, जो तो विचारतोय "कुठे होतास इतके दिवस?" गोळ्यांच्या वेळा चुकतात. पुढची ओपीडीची तारीख सुट्टीत येते आणि पुढे ढकलली जाते. पाचव्या-सातव्या दिवशी गणपती पोचले की घर एकदम रिकामं. भाऊ मुंबईला परत, बहीण सासरी. तो रिकामा दिवस आपल्याला पंधरवडा आधी दिसत असतो, कारण तारीख कॅलेंडरवरच छापलेली आहे. केस पेपरवर तो लिहिला गेला पाहिजे: "विसर्जनानंतरच्या सकाळी फोन करणे, कोण करणार, कुणाला करणार."

तारवटी, म्हणजे बोटीवर नोकरी करणाऱ्यांच्या, कुटुंबांचंही असंच. नवरा बोटीवरून आला की आनंद असतो, मग दारू, मग पैशांवरून वाद, मग पुन्हा जायची तारीख. खाणी मार्च २०१८मध्ये बंद पडल्या तेव्हा डिचोली-सांगे भागातल्या ट्रकवाल्यांच्या घरी कर्जाच्या हप्त्याची तारीख हाच पुढचा धोका होता. कुठलीही मोजपट्टी हे विचारत नाही. माणसाशी बोलल्यावरच कळतं.

---

अक्षरवेडा

मी वकील आहे, या विषयातली काही प्रकरणं हाताळली आहेत. थोडा वेगळा सूर लावतो.

फॉर्मला इतकं झोडपू नका. उद्या वॉर्डात काही घडलं तर चौकशीत पहिला प्रश्न येतो, "लिहिलंय का?" तोंडी विचारलं होतं, बोलणं झालं होतं, याला तिथे किंमत शून्य. फॉर्म भरलेला असला तर निदान सिस्टरची नोकरी वाचते. मोठ्या संस्थेला वकील मिळतो, अटेंडंटला कोण देणार? तेव्हा फॉर्म काढू नका, सुधारा.

कायद्याचा दिवसही कापू नका, फक्त कलमं वाचून दाखवू नका. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७, अंमल २९ मे २०१८पासून. त्यातलं वॉर्डातल्या माणसाला रोज लागणारं एवढंच:

कलम ११५. आत्महत्येचा प्रयत्न केलेली व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असंच गृहीत धरायचं, शिक्षा नाही. १ जुलै २०२४पासून भारतीय न्याय संहिता आली, त्यात आत्महत्येच्या प्रयत्नाला शिक्षा सांगणारं दंड संहितेतलं जुनं ३०९ कलम राहिलंच नाही. तरी कॅज्युअल्टीत "पोलीस केस होईल हं" असं नातेवाइकांना सांगणारे आजही भेटतात. त्या भीतीने लोक रुग्णाला आणतच नाहीत, किंवा "चुकून झालं" म्हणून सांगतात.

कलम ९७. बांधणं हा शेवटचा उपाय. तातडीचा धोका टाळायला दुसरा मार्गच नसेल तेव्हाच, मानसोपचारतज्ज्ञाच्या परवानगीने, गरजेपुरता वेळ, आणि सगळी नोंद करून. शिक्षा म्हणून नाही, आणि हे अधोरेखित करा, माणसं कमी आहेत म्हणूनही नाही. एकांतात कोंडायला पूर्ण बंदी. साखळदंडाला कलम ९५ने बंदी.

कलम १००. पोलिसांनी संरक्षणात घेतलेल्या मानसिक रुग्णाला कोठडीत ठेवायचं नाही, २४ तासांच्या आत जवळच्या सरकारी आरोग्य संस्थेत न्यायचं. तुमच्या ड्रायव्हरला आणि वॉचमनला हे माहीत असायला हवं, कारण रात्री गेटवर पोलिसांची गाडी आली तर तेच समोर असतात.

---

सुरंगी

वकीलसाहेब, तुमचा मुद्दा मनापासून मान्य, नोंद हवीच. पण नोंद कसली? तीन चौकटींतली खूण कर्मचाऱ्यालाही वाचवत नाही. 'कमी' लिहिलं आणि माणूस गेला तर त्याच खुणेवर बोट ठेवतात. "रात्री साडेनऊला विचारलं, जगावंसं वाटत नाही म्हणाला, योजना नाही म्हणाला, उद्या भाऊ भेटायला येणार नाही हे कळल्यापासून गप्प आहे, ड्युटी डॉक्टरांना कळवलं, बाथरूमजवळचा बेड बदलला, दर पंधरा मिनिटांनी बघायचं ठरलं" अशा चार ओळी असतील तर कुणीही वाचून सांगेल की या सिस्टरने काम केलंय. आणि सकाळच्या पाळीला त्याचा उपयोगही होईल. चौकटीचा सकाळच्या पाळीला काय उपयोग?

---

अक्षरवेडा

या चार ओळी कोर्टातही चौकटीपेक्षा भारी पडतील, हे मान्य. फक्त वेळ लिहा आणि नाव वाचता येईल असं लिहा. निम्म्या सह्या ओळखू येत नाहीत.

---

कॅज्युअल्टी_नाईट

डॉक्टर आहे, एका जिल्हा इस्पितळात रात्रीच्या ड्युट्या केल्यात. सगळी चर्चा आत्महत्येवर चाललीय, आक्रमकपणावरही बोलू या. अटेंडंटना रोज त्याचीच भीती असते.

पहिली गोष्ट. गोव्यात जो रुग्ण अचानक चवताळतो, भिंतीवर किडे दिसतायत म्हणतो, घामाने डबडबलेला असतो, हात थरथरत असतात, त्याच्याबद्दल सगळ्यात आधी विचारा: शेवटची दारू कधी घेतली? दारू अचानक तुटली की साधारण दोन ते चार दिवसांत हा प्रकार सुरू होतो. पाय मोडला म्हणून हाडांच्या वॉर्डात दाखल झालेला, तिसऱ्या रात्री सलाईन उपटून पळणारा माणूस 'वेडा' झालेला नसतो. त्याच्या जिवालाच धोका असतो. त्याला औषध, थायमिन (बी-१ जीवनसत्त्व), पाणी आणि डॉक्टर हवा, बांधायचे पट्टे नव्हेत. साखर कमी होणं, ताप, डोक्याला मार, म्हाताऱ्या माणसाला लघवीचा संसर्ग, यांचंही तेच. नाडी, रक्तदाब, ताप, साखर बघितल्याशिवाय 'सायकियाट्रिक' हा शिक्का मारू नये. प्रशिक्षणात हे अटेंडंटपर्यंत पोचवा, कारण थरथरणारे हात सर्वात आधी तेच बघतात.

दुसरी गोष्ट. इथे एक मोजपट्टी मात्र कामाची आहे. नॉर्वेतून आलेली ब्रोसेट. सहाच खुणा: गोंधळलेपण, चिडचिड, आरडाओरडा-धसमुसळेपणा, तोंडी धमकी, अंगावर येण्याची धमकी, वस्तूंची आदळआपट. आहे किंवा नाही, एवढंच. पाळीत एकदा भरायची. पुढच्या २४ तासांचाच अंदाज देते, त्यापलीकडचा दावा करत नाही. स्वित्झर्लंडमधल्या वॉर्डांमध्ये २००८ साली छापून आलेल्या चाचणीत ती वापरल्यावर गंभीर हल्ले ४१ टक्क्यांनी आणि सक्तीचे उपाय २७ टक्क्यांनी घटले. माझा समज असा की आकड्यापेक्षा हे घडलं ते पाळीत एकदा प्रत्येक रुग्णाकडे नीट बघणं भाग पडल्यामुळे.

शांत करण्याचा सराव करूनच घ्या, नुसतं भाषण देऊ नका. दोन हात अंतर, हात उघडे आणि दिसतील असे, दाराची वाट दोघांनाही मोकळी, आणि बोलणारा एकच. पाच जण एकदम "शांत व्हा, शांत व्हा" म्हणू लागले की कोण शांत होणार? लहान वाक्यं. काय हवंय ते विचारा. पुष्कळदा उत्तर निघतं: घरी एक फोन, एक बिडी, नाहीतर "या माणसाला इथून बाजूला करा."

---

खांडेपार

मी ब्रदर आहे. आधी अटेंडंट होतो. डॉक्टरांनी अटेंडंटचं नाव घेतलं म्हणून लिहितो.

वॉर्डातल्या माणसाबरोबर सगळ्यात जास्त वेळ असतो तो अटेंडंट आणि मावशी. जेवण परत पाठवलं, चादर ओढून पडून आहे, शेजारच्याला आपलं घड्याळ देऊन टाकलं, कालपासून आंघोळ नाही, हे आम्हाला दिसतं. केस पेपरवर लिहायचा अधिकार आम्हाला नाही. पाळी बदलताना सिस्टरचा हँडओव्हर (पुढच्या पाळीला माहिती देणं) चालतो तेव्हा आम्ही बाहेर ट्रॉली पुसत असतो. आम्हाला कुणी विचारत नाही.

तुमच्या प्रशिक्षणात दुसरं काही नाही जमलं तरी चालेल, पण हँडओव्हरमध्ये अटेंडंटला उभं करा. प्रत्येक रुग्णाबद्दल एक प्रश्न: "आज यात काय वेगळं दिसलं?" आणि तो जे सांगेल ते सिस्टरने त्याच्या नावाने लिहायचं. एकदा आपलं बोलणं कागदावर गेलेलं बघितलं की माणूस दुसऱ्या दिवशी नीट बघतो.

आणि मार खाल्ल्यावर काय, तेही शिकवा. अंगावर हल्ला झाला की आमच्याकडे म्हणतात, "हे चालायचंच, तुमचं कामच आहे." दुसऱ्या दिवशी त्याच रुग्णाला जेवण द्यायला त्याच माणसाला पाठवतात. त्याच्या मनात भीती असते, रुग्णाच्या मनात शरम असते. कुणीतरी दोघांशी बोलायला हवं.

---

सुरंगी

ब्रदर, हे मी आराखड्यात सगळ्यात वर लिहिलं. दोन्ही मुद्दे.

---

पडवी

मी कर्मचारी नाही. धाकट्या भावाला बायपोलर (मनःस्थिती टोकाची वर-खाली होण्याचा आजार) आहे, बरीच वर्षं झाली. घरच्या माणसाचं म्हणणं ऐकाल म्हणून लिहिते.

एका ठिकाणी भाऊ दाखल असताना मी सांगायचा प्रयत्न केला की झोप तीन तासांवर आली आणि तो जुने मेसेज वाचत बसला की पुढच्या आठवड्यात काहीतरी होतं. मला उत्तर मिळालं, "पेशंटची माहिती गोपनीय असते, आम्ही बोलू शकत नाही." मी माहिती मागत नव्हते हो, देत होते. ऐकायला कसली गोपनीयता आड येते?

डिस्चार्जच्या दिवशी हातात गोळ्यांची पिशवी आणि ओपीडीची तारीख. पहिल्या आठवड्यात काय बघायचं, रात्री दोनला कुणाला फोन करायचा, गोळ्यांचा साठा कुणाकडे ठेवायचा, एक शब्द नाही. त्या रात्री मी त्याच्या खोलीच्या दाराशी अंथरूण घातलं होतं. आई आत-बाहेर करत होती. आम्ही दोघी काय राखत होतो, कशापासून, हेही आम्हाला धड ठाऊक नव्हतं.

---

शेवंती

पडवीताई, तुमचा प्रश्न सरळ आराखड्यात गेला पाहिजे. त्याच मानसिक आरोग्य सेवा कायद्यातलं कलम २३ गोपनीयतेचं आहे, पण त्यातच अपवाद आहेत: जिवाला धोका टाळण्यासाठी किंवा दुसऱ्याला इजा होऊ नये म्हणून लागेल तेवढी माहिती देता येते. आणि तुम्ही म्हणता तसं, ऐकायला कुठलंच कलम आडवं येत नाही. रुग्णाला आधीच विचारून ठेवावं: "तुझ्या बहिणीशी कशाबद्दल बोललेलं चालेल, कशाबद्दल नाही?" बहुतेक जण पूर्ण 'नाही' म्हणत नाहीत. काही गोष्टी झाकून ठेवा म्हणतात, त्या झाकायच्या.

घरी सोडल्यानंतरचे पहिले दिवस सर्वात धोक्याचे, हे देशोदेशीच्या नोंदींत पुन्हा पुन्हा दिसलंय. म्हणून इंग्लंडमध्ये आधी सात दिवसांत संपर्क करायचा नियम होता, तो पुढे ७२ तासांवर आणला. तुम्ही दाराशी झोपलात ती रात्र त्या ७२ तासांतलीच. केंद्रातून एक फोन यायला हवा होता.

---

म्हादईकाठ

सत्तरी तालुक्यात समाजसेविका म्हणून काम करते. उशिरा वाचला धागा.

सुरक्षा योजना शिकवा. स्टॅनली आणि ब्राउन यांची, एका पानाची. माझ्या कोणत्या खुणा दिसल्या की समजायचं बिघडतंय. मी स्वतः काय करू शकतो. मन रमेल अशी माणसं आणि जागा. कुणाकडे मदत मागू. कुठल्या डॉक्टरला, हेल्पलाइनला फोन करू. आणि घरातल्या धोक्याच्या वस्तू कशा दूर ठेवू. २०१८ साली अमेरिकेतल्या इस्पितळांतला अभ्यास आला. तातडीच्या विभागातून घरी जाताना ही योजना आणि नंतर पाठपुराव्याचे फोन मिळालेल्यांत पुढच्या सहा महिन्यांत आत्महत्येशी संबंधित वर्तन ४५ टक्क्यांनी कमी दिसलं.

पण पान रुग्णाच्या शब्दांत भरलं पाहिजे. आमच्याकडे एकाने 'जागा' या रकान्यात 'देवळाची पायरी' सांगितली, काउन्सेलरने 'धार्मिक उपक्रम' लिहिलं. त्या माणसाला आरतीला जायचंच नव्हतं, तिथे संध्याकाळी पत्ते खेळणारे चार मित्र बसतात म्हणून जायचं होतं. कोकणीत सांगितलं तर कोकणीत लिहा, कन्नड असेल तर कन्नड जाणणारा शोधा. वॉर्डातल्या मावशीला येत असतं पुष्कळदा. सिंधुदुर्गातून येणाऱ्यांसाठी त्यांच्या गावाजवळच्या आरोग्य केंद्राचा नंबर घाला, गोव्यातला देऊन काय करणार ते? आणि १४४१६, टेली-मानस, मोफत आणि चोवीस तास. ऑक्टोबर २०२२पासून आहे, तरी खेड्यात नंबर ठाऊक असलेला माणूस क्वचित भेटतो.

घरातल्या वस्तूंबद्दल विचारायला लोक कचरतात. बागायतदाराच्या घरी फवारणीचं औषध असतंच. शेजाऱ्याकडे कुलपात ठेवा, किल्ली दुसऱ्याकडे. गोळ्या आठवड्याच्याच द्या. मनातला तो सर्वात वाईट वेळ बहुधा ओसरतो, तेवढ्या वेळात हाताशी काही नसलं तर माणूस वाचतो.

---

सुरंगी

सगळ्यांचे आभार. आराखडा बदलला, वरच्यांशी बोलणंही झालं.

पहिली सकाळ विचारायचं कसं यावर. जोड्या करून मोठ्याने बोलायचं. "तसलं काही मनात नाही ना?" असं विचारलं की समोरचा "नाही" म्हणूनच मोकळा होतो, कारण तेच ऐकायचंय हे त्याला कळतं. "आत्महत्येचा विचार मनात येतो का?" हे डोळ्यांत बघून, आवाज न चोरता विचारता आलं पाहिजे. विचारल्याने विचार डोक्यात शिरत नाही, हे अभ्यासांनी दाखवलंय. आमच्याकडच्या निम्म्या लोकांना तरी ती भीती आहे, ती सरावानेच जाईल. आत्महत्येच्या विचारांबद्दल विचारायच्या 'कोलंबिया' प्रश्नावलीतले सहा प्रश्न त्यासाठी घेतलेत, पण बोलणं सुरू करायचा क्रम म्हणून. गुण देण्यासाठी नाही. दुपारी शेवंतीचे चार प्रश्न आणि चार ओळींची नोंद.

दुसऱ्या दिवशी सकाळी दारू तुटण्याच्या खुणा, ब्रोसेट, शांत करण्याचा सराव. मग कायद्याला दीड तास, प्रसंग देऊन. दुपारी सुरक्षा योजना आणि डिस्चार्ज. पडवीताई, त्या सत्रात रुग्णाच्या घरच्या कुणी येऊन बोलावं अशी फार इच्छा आहे. तुम्हाला जमेल का? नाही म्हणालात तरी चालेल.

परीक्षा काढून टाकली. त्याऐवजी दर महिन्याला तासभर, एका खऱ्या नोंदीवर, नाव झाकून, एकत्र बसून बोलायचं. 'संगाथ' या संस्थेने गोव्यातल्याच प्राथमिक आरोग्य केंद्रांत, डॉक्टर नसलेल्या स्थानिक समुपदेशकांकडून नैराश्यावर बोलण्याचे उपचार करून दाखवले, निष्कर्ष 'लॅन्सेट'मध्ये २०१७ साली छापून आले. तिथे समुपदेशक एकमेकांची रेकॉर्डिंग ऐकून एकमेकांना सुधारत होते. आपल्याला रेकॉर्डिंग नाही जमणार, नोंद वाचणं तर जमेल.

एक अडचण उरलीय. सगळे दोन दिवस प्रशिक्षणाला बसले तर वॉर्ड कोण बघणार? बाहेरची माणसं आणायला व्यवस्थापन तयार नाही.

---

पडवी

येईन. आईलाही विचारते. ती बोलेल की नाही माहीत नाही, बसेल नक्की.

---

खांडेपार

सिस्टर, दोन तुकड्या करा आणि प्रत्येक तुकडीत सगळ्या हुद्द्यांची माणसं घ्या. सिस्टर एका दिवशी आणि अटेंडंट दुसऱ्या दिवशी असं केलंत तर हँडओव्हरचा सराव कुणाबरोबर करणार? रात्रपाळी करून आलेल्याला सकाळी बसवू नका, तो झोपणार. त्याची रात्र आधीच्या आठवड्यात बदलून घ्या, आणि प्रशिक्षणाचा दिवस ड्युटीत धरतील हे लेखी घ्या, नाहीतर अटेंडंट येणार नाहीत. त्यांचे रोजाचे पैसे असतात. वॉचमन आणि ड्रायव्हर एजन्सीचे असले तर एजन्सीला पत्र आजच पाठवा, त्यांना पंधरा दिवस लागतात.